रिकाम्या बाटल्या आणि मेणबत्त्या: प्रश्न तुमचे, उत्तरं आमची

मागच्या अंकात वाइनच्या रिकाम्या बाटलीचा रस्टिक, म्हणजे जरा ओबडधोबड, गावरान दिसणारा, मेणबत्ती स्टँड कसा करायचा ते अगदी चार ओळींत दिलं होतं, बाटली धुवा, मेणबत्ती खोचा, पेटवा आणि मेण ओघळू द्या, एवढंच. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांनी सजावटीबद्दल विचारलंय, रंग कुठला, सुतळी कशी गुंडाळायची, लेस लावू का, पण मला आधी बाटलीच्या तोंडाबद्दल बोलायचंय कारण मेणबत्ती तिथे नीट आणि घट्ट बसली नाही तर बाकीच्या मेहनतीला काही अर्थ नाही. म्हणून तोच प्रश्न पहिला घेतला.

प्रश्न: ताई, मी आणलेल्या उंच मेणबत्त्या बाटलीच्या तोंडात शिरतच नाहीत, जोर लावला की मोडतात. मैत्रिणीने दिलेल्या बारीक मेणबत्त्या उलट सरळ आत पडतात. बरोबर मापाची मेणबत्ती मिळते तरी कुठे?

बरोबर मापाची शोधत बसू नका, माप आपणच करून घ्यायचं असतं. बुचाच्या बाटलीचं तोंड आतून साधारण १८ ते १९ मिलिमीटर असतं, आणि टेबलावर लावायच्या उंच निमुळत्या मेणबत्त्यांचं बूड बहुतेक वेळा २२ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तीन-चार मिलिमीटरचाच प्रश्न आहे पण तो जोर लावून सुटत नाही, बूच दाबलं जातं (ते मुळात २४ मिलिमीटरचं असतं आणि दाबून बसवतात), मेण थंड असताना दाबलं जात नाही, ते तुटतं.

करायचं काय, मेणबत्तीचं बूड गरम पाण्यात अर्धा-एक मिनिट धरायचं, उकळतं पाणी नको, नाहीतर बाहेरचं मेण वितळून जातं आणि आतलं कडकच राहतं. मऊ पडलं की चाकूने खालच्या अडीच-तीन सेंटिमीटरच्या पातळ साली काढत जायचं, सगळीकडून सारख्या, पेन्सिलीला टोक काढतो तसं पण टोक न करता फक्त किंचित निमुळतं. मधेमधे तोंडात घालून बघा. अडलं की परत गरम पाण्यात धरा आणि मग हलकेच फिरवत फिरवत आत बसवा, मऊ मेण काचेचा आकार घेतं आणि गार झालं की पक्कं बसतं. बसवल्यावर लगेच एकदा समोरून आणि एकदा बाजूने बघा सरळ उभी आहे का, कारण नंतर सरळ करायला गेलात तर बुडाशी मोडते.

बारीक मेणबत्तीचं काम त्यापेक्षा सोपं आहे. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी बुडाला गुंडाळायची, घट्ट होईपर्यंत. कागद किंवा कापड गुंडाळू नका, मेणबत्ती खाली आली की तेच पेट घेतं. दोन-चार थेंब वितळलेलं मेण तोंडात टाकून त्यात मेणबत्ती उभी करायची पद्धतही खूप जण सांगतात, ती मला एकटीने पुरेशी वाटत नाही, कारण बाटलीची मान तोंडापासून आत गेल्यावर जराशी रुंद होते आणि तिथे ते मेण नीट धरत नाही. फॉइल आणि मेण दोन्ही केलंत तर छान.

याहून पक्का उपाय म्हणजे धातूची छोटी वाटी, बाटलीच्या तोंडात बसणारी, वरून मेणबत्ती धरणारी. तुम्ही वरचेवर मेणबत्त्या लावणार असाल तर ही घ्याच. मेणबत्ती संपत येते तेव्हा ज्योतीची धग आधी त्या वाटीला लागते, थेट काचेला नाही.

आणि हे सगळ्यांसाठीच: मेणबत्ती तोंडाच्या वर ५ सेंटिमीटर उरली की विझवा. शेवटपर्यंत जाळायचा मोह होतो, मेण वाया जातंय असं वाटतं, पण बाटलीची काच ही साधी सोडा-लाइम काच असते, एकाच जागी तापली आणि बाकी गार राहिली की तिला तडा जातो. शिवाय उरलेला तुकडा पेटता पेटता आत पडला तर तो काढणार कसा? उरलेले तुकडे एका डब्यात साठवा, त्यांचं काम पुढे आहे.

प्रश्न: फोटोत असतात तसे मेणाचे जाड जाड ओघळ माझ्या बाटलीवर येतच नाहीत. मेणबत्त्या जळून गेल्या आणि बाटली जशीच्या तशी! ग्लू गनने ओघळ काढून वरून रंग दिला तर चालेल का?

नका करू असं. तो गोंद धग लागली की मऊ पडतो, वर रंग दिलेला असला की सालपटं निघतात, आणि दिसायलाही ते ओघळ वाटत नाहीत, कारण खरं मेण थेंबाथेंबाने खाली येतं, वाटेत थिजतं, पुढचा थेंब त्याच्यावरून वळसा घेऊन जातो आणि म्हणून प्रत्येक बाटली वेगळी होते. रस्टिक म्हणून जे आपल्याला आवडतं ना, ते हेच आहे, ते लावता येत नाही, ते साचू द्यावं लागतं.

आता तुमच्याकडे ओघळ का येत नाहीत ते बघू. तुम्ही बहुतेक न ओघळणाऱ्या मेणबत्त्या आणल्या असणार, चांगल्या प्रतीच्या मेणबत्त्या मुद्दाम तशाच बनवतात. ज्योतीखाली वितळलेल्या मेणाचं छोटंसं तळं असतं आणि त्याच्या भोवती कडेची भिंत. ही भिंत उभी राहते कारण ज्योतीमुळे वर जाणारी हवा खालून गार हवा ओढून घेते आणि कडा थंड ठेवते. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६० च्या नाताळात मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली होती, त्यात हे त्याने फार सुंदर उलगडून सांगितलंय, की वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकली की त्या बाजूची कड वितळते, भिंत फुटते आणि मेण बाहेर पडतं. म्हणजे जे त्याने मेणबत्तीचा बिघाड म्हणून समजावलं तेच आपल्याला हवंय.

तर मग साध्या, स्वस्त, बारीक पॅराफिनच्या मेणबत्त्या घ्या. पॅराफिन किती कडक आहे त्यावर ते ४६ ते ६८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी वितळतं, आणि जितकं मऊ तितकं जास्त ओघळतं. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, शांत हवेत ते फारसं ओघळत नाही, ते छान असतंच पण या कामाला नको. बाटली अगदी बंद कोपऱ्यात न ठेवता जिथे हलकी झुळूक येते अशा जागी ठेवा, ज्योत जराशी डुलली पाहिजे, फडफडायला नको, फडफडली तर काजळी धरते. आणि अधूनमधून विझवून बाटली थोडी फिरवून ठेवा म्हणजे ओघळ सगळ्या अंगाने येतील, नाहीतर एकाच बाजूला डोंगर होतो.

पहिले ओघळ गार झाले की बरेचदा पट्कन सुटून येतात, यात तुमची काही चूक नाही, काच गुळगुळीत आणि मेण गार होताना आकसतं. बाटलीच्या खांद्यावर खरखरीत पॉलिश पेपर ओला करून थोडा घासून घ्या, धरायला जागा मिळते. एकदा पहिला थर बसला की पुढचं मेण मेणावरच बसतं आणि मग काही बघावं लागत नाही.

रंगाचं एक सांगते. पुष्कळ रंगीत मेणबत्त्या आतून पांढऱ्या असतात, फक्त वरून रंगाच्या मेणात बुडवलेल्या, त्यांचे ओघळ फिक्कट आणि डागाळ येतात. घ्यायच्या आधी बुडाकडे बघा, आत रंग आहे की नाही ते तिथे कळतं. मला स्वतःला एकाच रंगाच्या दोन-तीन छटा आवडतात, हस्तिदंती, मग मधासारखा पिवळा, मग गडद तपकिरी, एकावर एक थर. सात रंग घातले की सगळं गढूळ दिसतं. पण ही आवड झाली, तुम्हाला लाल-हिरवं आवडत असेल तर करा.

प्रश्न: लेबल काढायला रात्रभर पाण्यात ठेवलं तरी चिकटपणा जात नाही, काय करू?

लेबलं दोन प्रकारची असतात. ओल्या डिंकाने लावलेली पाण्यात सुटतात, कोमट पाण्यात दोन चमचे बेकिंग सोडा घालून तासभर ठेवलं की अख्खा कागद तरंगायला लागतो. दुसरी स्टिकरसारखी, त्यांना पाण्याने काहीच होत नाही, उलट कागदाचा लगदा होतो आणि गोंद तसाच. त्यांना बाटली कोरडी असतानाच हेअर ड्रायरने गरम करायचं, एक कोपरा नखाने उचलायचा आणि हळूहळू ओढायचं. राहिलेल्या चिकट भागावर कुठलंही खायचं तेल आणि बेकिंग सोडा एकत्र करून चोळा, मग साबणाने धुवा. तेलकटपणा अजिबात राहायला नको, त्यावर ना रंग बसतो ना मेण.

पण मी म्हणेन की लेबल सुंदर असेल तर काढूच नका ना! जुनाट कागदावर मेणाचे ओघळ आले की फार छान दिसतं. लेबल बरंच खाली असतं, ज्योतीपासून लांब, त्यामुळे धोका नसतो.

बाटली आतून मात्र प्रत्येकाने धुवायचीच, आणि पूर्ण वाळवायची. वाइनचा वास राहतो हे एक, आणि कोणी व्हिस्की-रमची बाटली वापरत असेल तर ४० टक्के अल्कोहोलची वाफ साधारण २६ अंश सेल्सिअसलाच ठिणगीने पेट घेऊ शकते. तळाशी चार थेंब राहिलेत, त्याने काय होतंय असं म्हणू नका.

प्रश्न: मी बाटलीला वरपासून खालपर्यंत सुतळी गुंडाळली, मानेला लेसची बो आणि वाळलेली फुलं लावली. खूप छान झालंय, पण नवरा म्हणतो पेटवू नकोस. तो उगाच घाबरतोय का?

नाही हो, त्यांचं बरोबर आहे, आणि तुम्ही इतक्या मेहनतीने केलंय म्हणून मलाही सांगताना वाईट वाटतंय. सुतळी, लेस, वाळलेलं फूल, यातलं प्रत्येक एका ठिणगीचं गिऱ्हाईक आहे. मेणबत्ती तोंडाच्या वर असते तोपर्यंत काही होत नाही, पण पेटत्या वातीचा तुकडा कधीकधी ओघळासोबत खाली वाहत येतो, आणि वितळलेल्या मेणाने भिजलेली सुतळी म्हणजे तर वातच झाली.

सगळं फेकायची गरज नाही. वरची सुतळी सोडून काढा, तोंडापासून खाली मान आणि खांदा, निदान दहा-बारा सेंटिमीटर, नुसती काच दिसू द्या. फुलं आणि बो पूर्ण काढा, किंवा दुसरी एक बाटली नुसती शोभेची ठेवा, तिच्यावर ती लावा आणि तिच्यात मेणबत्ती लावूच नका. खालच्या भागातली सुतळी राहू दे, पण ओघळ तिथपर्यंत पोचायला लागले की मेणबत्ती बदलायची, बाटली पुसायची. ओघळाचा लूक आणि सुतळीचा लूक एकाच बाटलीवर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगाचंही थोडक्यात याच्यातच सांगते कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. अ‍ॅक्रिलिक रंगात थोडा बेकिंग सोडा मिसळला की मातीच्या भांड्यासारखा खरखरीत थर येतो, काचेवर आधी प्रायमर मारा नाहीतर नखाने निघतो. तोंडाच्या कडेला आणि आत रंग लावू नका, स्प्रे पेंट असेल तर पूर्ण वाळून वास जाईपर्यंत जवळपास काडीही पेटवू नका.

प्रश्न: आमच्या घरी मांजर आहे. बाटली कलंडेल अशी भीती वाटते.

वाटायलाच हवी. वाइनची बाटली ३० सेंटिमीटर उंच, त्यावर २० ते २५ सेंटिमीटरची मेणबत्ती, आणि खाली टेकायला जेमतेम सात-आठ सेंटिमीटर रुंदीचं बूड. रिकामी असताना अर्धा किलोच्या आसपास वजन, शेपटीचा फटका पुरतो. कोरडी वाळू किंवा बारीक खडे निम्म्यापर्यंत भरा, कागदाचं नरसाळं करून भरलं की सांडत नाही. पाणी भरलं तरी वजन येतं, आणि रंगहीन बाटलीत पाणी दिसायलाही छान, पण कलंडली तर पाणी सांडतं आणि वाळू तेवढी सांडत नाही, म्हणून मी वाळूच म्हणेन. खाली धातूची किंवा चिनी मातीची ताटली ठेवा, त्याने ओघळ टेबलावर चिकटत नाहीत.

शक्य असेल तर स्पार्कलिंग वाइनची बाटली घ्या. आतल्या वायूचा पाच-सहा वातावरणांइतका दाब सोसायचा असतो म्हणून ती जाड काचेची असते, जवळजवळ ८००–९०० ग्रॅम भरते, बूडही रुंद. आणि एवढं सगळं करूनही मांजर खोलीत असताना आणि तुम्ही नसताना मेणबत्ती पेटती ठेवायची नाही. पडदा, कागद, कपाटाची वरची फळी, सगळं ३० सेंटिमीटर तरी लांब.

प्रश्न: अ‍ॅसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायला वापरतात ते) भिजवलेला दोरा बाटलीला बांधून पेटवायचा आणि गार पाण्यात बुडवायची, बाटली सरळ कापली जाते असा व्हिडिओ पाहिला. मला खालचा भाग कापून टाकून उरलेल्या बाटलीचं मेणबत्तीवर ठेवायला काचेचं झाकण करायचंय. करून बघू का?

हे करू नका, कळकळीने सांगते. अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखाली २० अंशांनासुद्धा पेट घेऊ शकते, म्हणजे कुठल्याही खोलीत ती पेटायला तयारच असते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे टेबलावरून खाली जमिनीवर पसरते, तुम्हाला दिसतही नाही. बाटली उघडी राहिली, हाताला थोडं लागलेलं राहिलं, तर आग दोऱ्यापुरती राहत नाही. आणि इतकं करून काप सरळ येईल याची खात्री नाहीच, कारण दोऱ्याची धग रुंद पट्ट्यात लागते आणि तडा त्या पट्ट्यात वाटेल तिकडे धावतो. व्हिडिओत सरळ कापलेली एक दाखवतात, वाकड्या फुटलेल्या दाखवत नाहीत.

कापायचीच असेल तर बाटली कापायचा कटर मिळतो, चाकं असलेला स्टँड आणि एका जागी धरलेलं कडक धातूचं पातं. बाटली त्यावर ठेवून एकच फेरी फिरवायची, सारख्या हलक्या दाबाने. बारीक, सलग करकर ऐकू आली पाहिजे, आवाज मधेच थांबला म्हणजे तिथे चर पडला नाही. तरी परत त्यावरून फिरवू नका! दोनदा चर काढला की दोन तडे तयार होतात आणि कड दातेरी येते. जिथे काचेवर उठावदार अक्षरं आहेत किंवा शिवण (साच्याच्या जोडाची रेघ) जाड आहे तिथून चर नेऊ नका, बुडाच्याही फार जवळ नको, तिथे काच जाड असते.

मग त्या चरावर गरम पाण्याची धार धरून बाटली गोल फिरवायची, लगेच गार पाण्याची धार, परत गरम, परत गार. पाणी उकळतं नको, तडा जितका सावकाश पुढे जाईल तितका सरळ जातो. काही फेऱ्यांनंतर बाटली आपोआप दोन तुकड्यांत सुटते. ओढायची नाही, पिळायची नाही, सुटत नसेल तर अजून एक फेरी. हे का होतं, तर गरम झालेली काच पसरते, गार झालेली आकसते, आणि या ओढाताणीत चराची जागा सगळ्यात कमजोर असते. सोडा-लाइम काच बोरोसिलिकेट काचेच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राच्या काचेच्या, जवळजवळ तिप्पट पसरते, म्हणून तर ती अशी कापता येते, आणि म्हणूनच ती मेणबत्तीच्या धगीने तडकतेही.

कापलेली कड घासल्याशिवाय तिला बोट लावू नका. सिलिकॉन कार्बाइडचा ओला वापरायचा पॉलिश पेपर घ्या, ८० नंबरपासून सुरू करून १२०, २२० आणि शेवटी ४००, कड आतून-बाहेरून दोन्हीकडून गोल करायची. पूर्ण वेळ पेपर आणि काच ओली पाहिजे, काचेची धूळ उडता कामा नये, तरी मास्क आणि डोळ्यांवर गॉगल घालाच. खाली वर्तमानपत्र पसरा आणि नंतर ते गुंडाळून फेका, झटकू नका. स्पार्कलिंगची जाड बाटली मात्र कापायला घेऊ नका, त्रास जास्त आणि बिघडायची शक्यताही जास्त.

प्रश्न: कापलेली बाटली छोट्या टी-लाइटवर झाकली की दोन मिनिटांत मेणबत्ती विझते. वरचं तोंड तर उघडं आहे!

वरचं उघडं असून भागत नाही, खालून हवा आत यायला वाट लागते. गरम हवा तोंडातून वर जाते, तिची जागा घ्यायला ताजी हवा आली नाही की ज्योत गुदमरते. काचेखाली तीन सारखे चपटे खडे ठेवा, बोटभर फट राहिली पाहिजे, डुगडुगत नाही ना बघा. टी-लाइट साधारण ३८ मिलिमीटर रुंद असते आणि बाटली आतून सात सेंटिमीटरच्या जवळपास, त्यामुळे मधोमध ठेवली तर काचेपासून पुरेशी लांब राहते. वरचं तोंड खूप तापतं, उचलायच्या आधी विझवून थांबा.

प्रश्न: गवताच्या विणीतली गोल पोटाची एक जुनी बाटली मिळाली आहे. गवत पेटेल म्हणून काढून टाकू का?

अहो नका काढू! ती इटलीतल्या कियांती वाइनची बाटली असणार, तिला फियास्को म्हणतात. तिचं काचेचं बूडच गोल असतं, गवताच्या विणीमुळेच ती उभी राहते, वीण काढली तर आडवीच ठेवावी लागेल. ओघळलेल्या मेणाची बाटली म्हटलं की खूप जणांच्या डोळ्यासमोर हीच येते. वीण खांद्याच्या खाली असते आणि मान लांब असते, तेवढं अंतर आपल्याला पुरतं, फक्त तोंडावर धातूची रुंद कडेची वाटी बसवा म्हणजे बरंचसं मेण वाटीत अडकेल आणि गवतापर्यंत जाणार नाही. तुटलेल्या, वर आलेल्या काड्या कात्रीने कापा. आणि जास्त जुनी, ठिसूळ झालेली वीण असेल तर पेटवू नका, नुसती ठेवा.

प्रश्न: मेणबत्तीऐवजी बाटलीत तेल भरून झाकणातून वात काढली तर?

मी सुचवणार नाही. खायचं तेल घट्ट असतं, वातीतून ते थोड्याच सेंटिमीटरपर्यंत वर चढतं, म्हणून तर तेलाच्या दिव्यात ज्योत तेलाच्या अगदी जवळ असते. उंच बाटलीत तेल खाली गेलं की वात नुसती जळते. रॉकेल चढतं, पण रॉकेलने भरलेली काचेची उंच बाटली कलंडली तर काय होईल याचा विचार करा. मेणबत्ती पडली तर बऱ्याचदा विझते, तेल पेटतं पसरतं.

प्रश्न: ताई, मी १२ वर्षांचा आहे. आजीला वाढदिवसाला बाटलीचा दिवा करून द्यायचाय पण आई मेणबत्ती लावू देत नाही. काय करू?

आईचं ऐक, आणि तुझा दिवा मेणबत्तीपेक्षाही छान होईल बघ. बुचाच्या आकाराच्या तोंडाची छोट्या एलईडी दिव्यांची माळ मिळते, बारीक तारेची. बाटली स्वच्छ धुऊन अगदी कोरडी कर, माळ हळूहळू आत सोड, वरून बूच लाव. मेणबत्ती बाटलीच्या वर असते ना, त्यामुळे तिचा उजेड काचेत फारसा येतच नाही, हिरवी बाटली काळपटच दिसते. तुझे दिवे आत असतील, त्यामुळे काचेचा रंग पूर्ण उजळेल. काचेत लोह आणि क्रोमियम असतं त्यामुळे तो हिरवा रंग येतो, हे आजीला सांग, तिला आवडेल. बाहेरून तुला हवी तेवढी सुतळी गुंडाळ, फुलं लाव, इथे काहीच पेटत नाहीये. फक्त त्या बुचात बटणासारखे छोटे सेल असतात, घरात लहान बाळ असेल तर त्याच्या हाती लागू देऊ नकोस, गिळले तर ते फार धोक्याचं असतं. सेल बदलायचे असतील तेव्हा आईला सोबत घे.

प्रश्न: मेण टेबलक्लॉथवर सांडलं, लाकडी टेबलावरही. आणि बाटलीवरचे ओघळ नको झाले तर काढायचे कसे?

कापडावरचं मेण आधी पूर्ण गार होऊ द्या, ओलं असताना पुसलं तर आत मुरतं. वरचा पापुद्रा बोथट सुरीने उचला, मग कापडाच्या खाली-वर साधा कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, मेण कागदात शोषलं जातं, कागद बदलत राहा. रंगीत मेणाचा डाग मागे राहू शकतो, तो साबण लावून वेगळा धुवावा लागतो. लाकडावर इस्त्री नको, प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने हलकेच खरवडा, मग मऊ कापडाने चोळा.

बाटलीवरचं मेण काढायला ती रिकामी करून फ्रीजरमध्ये तासभर ठेवा, मेण आकसून ठिसूळ होतं आणि तुकडे पडतात. बाहेर काढल्यावर लगेच गरम पाण्याखाली धरू नका, मघाशी कापताना जी ओढाताण मुद्दाम केली तीच इथे नको असताना होईल. साध्या तापमानाला आली की मग उरलेला थर कोमट पाण्याने आणि साबणाने. हे बादलीत किंवा टोपात करा, बेसिनमध्ये नाही, कारण मेण पाइपात जाऊन परत थिजतं आणि पाणी तुंबतं. बादलीतलं पाणी गार झालं की मेण वर तरंगून घट्ट होतं, ते उचलून घ्या आणि मेणबत्त्यांच्या तुकड्यांच्या डब्यात टाका. डबा भरला की सगळं मेण पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट आचेवर कधीच नाही, आणि पेटलंच तर पाणी न ओतता घट्ट झाकण ठेवून गॅस बंद करा. त्या मेणात नवी वात बुडवून काढायची, गार होऊ द्यायची, परत बुडवायची. बोटाएवढी जाड झाली की बाटलीच्या तोंडात घालून बघा, १८ मिलिमीटरच्या आत राहिली असेल तर तासावीसुद्धा लागणार नाही.